आतून पडलेले टवके

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पुढचं वाचायला जा. मला कुणाची करमणूक करायची नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं आहे. शेजारच्या सीटवर माझा नवरा बसलेला होता, त्यालाही विचारा.

आणि रात्र नव्हती. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती. संध्याकाळ होती, तीही चांगली लख्ख उन्हाची.

नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज दुपारनंतर त्याला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता टाळाटाळ केलीत तर पाय जन्माचा आखडेल. म्हणून गाडी हवी होती. आमच्याकडे नव्हती.

मोठ्या दिरांकडे होती. जाऊबाई गेल्यापासून ती त्यांच्या दारात नुसती उभी होती.

"काच तेवढी खराब आहे," किल्ली देताना भावजी म्हणाले. "तुझ्या जाऊबाईने त्या काचेपायी माझं डोकं खाल्लं. शेवटच्या दिवशीसुद्धा गाडीत तेच. काच... काच... मी म्हटलं, बदलतो गं बाई, आता गप्प बस. बसली गप्प. घरी येऊन बघतो तर..."

पुढचं आम्हाला माहीत होतं. हृदयविकाराचा झटका. भावजींनी दार उघडलं तेव्हा जाऊबाई सीटच्या पट्ट्यात तशाच बसलेल्या होत्या.

हे सांगताना ते किल्लीवरची धूळ शर्टाला पुसत होते. मला संताप आला. त्या घरात जाऊबाईंना किती काच होता, ते मी बघितलेलं होतं. चपला कुठे काढल्या यावरूनही बोलणी खायच्या बिचाऱ्या. पण गरज आमची होती. अडला हरी, दुसरं काय!

मी किल्ली घेतली.

काच खरंच वाईट होती. वायपरचे अर्धगोल ओरखडे, आणि सगळीकडे खडे लागून उडालेले बारीक बारीक टवके. साखर सांडावी तशी. एरवी ते दिसायचेही नाहीत. पण दवाखान्यातून घरी येणारा रस्ता सरळ मावळतीकडे जातो. ऊन समोरून आलं की एकेक टवका पेटायचा, आणि अख्खी काच पांढरी होऊन जायची.

पहिल्याच संध्याकाळी मी डोळे बारीक करून, स्टिअरिंगवर ओणवी होऊन गाडी चालवत होते. नवऱ्याची बडबड चालू होती. हा माणूस झोपेतसुद्धा बोलतो.

तेवढ्यात...

टक.

खडा लागला, मला वाटलं. पुढच्या ट्रकचा असेल.

टक... टक...

पुढे ट्रक नव्हता. पुढे काहीच नव्हतं. आम्ही सिग्नलला उभे होतो.

आवाज डावीकडून येत होता. नवऱ्याच्या समोरून.

आणि मग, अगदी हळू...

"काच..."

"दिसतंय मला!" मी डाफरले. "तुमच्या भावाला सांगा, काच काच करताय ते."

"अगं, मी कुठे काय म्हटलं?" नवरा म्हणाला. "मी तर भोपळ्याच्या भाजीबद्दल बोलत होतो."

तो थट्टा करत नव्हता. मी त्याच्याबरोबर अर्धं आयुष्य काढलंय, त्याची थट्टा मला कळते.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. ऊन काचेवर आलं, की टक... टक... आणि ऊन उतरलं, की शांत. मला त्या गाडीत बसायचीच धास्ती वाटायला लागली. नवऱ्याला मात्र काही ऐकू येत नव्हतं. तो एवढंच म्हणायचा, "डावीकडे जरा गार नाही वाटत तुला?"

शेवटी मी काच बदलायला गाडी नेली. काचवाला तिरसट होता. मला वाटलं होतं, मीच काय ती तिरसट. त्याने काचेवरून नख फिरवलं. आधी बाहेरून. मग आत बसून. मग बाहेर येऊन माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याचं काही चोरलंय.

"मुलं आहेत का घरी?"

"नाहीत. का?"

"मग हे कोणी केलं? बाहेरचे खड्डे रस्त्याचे, ते ठीक. पण या बाजूचे हे..." त्याने डाव्या सीटसमोर बोट ठेवलं. "हे आतून पडलेत."

"आतून कुठला खडा लागेल?"

"तेच तुम्हाला विचारतोय. काहीतरी टोकदार घेऊन मारलंय. वर्षभर मारलं तरी एवढे पडणार नाहीत."

मी आत वाकून बोट फिरवलं. टवके बोटाला लागले. बारीक, एकाच जागी, एकावर एक.

तेव्हा मला आठवलं. जाऊबाईंच्या बोटात खड्याची अंगठी असायची. भावजी गाडी चालवताना इकडेतिकडे बघायला लागले, की त्या अंगठीने समोरच्या काचेवर टकटक करायच्या. समोर बघा, म्हणून. तोंडाने सांगायची सोय नव्हती.

मी काचवाल्याला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, "बदला. आत्ताच्या आत्ता बदला."

त्याने जुनी काच काढली. नवी बसवली. इतकी स्वच्छ, की काच आहे की नाही तेच कळेना. त्या संध्याकाळी सूर्य समोर होता, तरी रस्ता अगदी शेवटपर्यंत दिसत होता. एक आवाज नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. जाऊबाईंना काच बदलून हवी होती, बदलली. झालं गेलं, गंगेला मिळालं.

असं मला वाटलं.

त्यानंतरच्या संध्याकाळी रस्त्यावर गर्दी होती. माझं सगळं लक्ष समोर. नवऱ्याची बडबड नेहमीसारखीच चालली होती.

मग...

टक.

 मी मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही.

"काच..."

या वेळी आवाज नवऱ्याचाच होता. मी नीट ओळखला.

"नवी बसवलीय ना काच!" मी खेकसले. "आता काय सोन्याची आणू?"

"काच..."

"गप्प बसा हो! गाडी चालवू द्या मला."

तो गप्प बसला.

एक चौक गेला. मग पूल गेला. मी समोर बघत होते. आणि हळूहळू मला जाणवलं, की गाडीत काहीतरी कमी आहे...

बडबड.

माझा नवरा इतका वेळ गप्प बसत नाही. कधीच नाही.

मी डावीकडे बघितलं.

त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. पट्टा त्याच्या छातीत रुतला होता, कुणी मागून पाय लावून ओढावा तसा. तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. उजवा हात माझ्या दिशेने होता. माझ्या बाहीपासून वीतभर अंतरावर. पोचत नव्हता.

मी ब्रेक मारला. मागच्याने शिव्या घातल्या. मी पट्ट्याचं बटण दाबलं. निघेना. दोन्ही हातांनी दाबलं. ओढलं. नखं तुटली. निघेना.

आणि मी ओरडले. का ओरडले, कुणाला, मला माहीत नाही.

"ऐकलं! मी ऐकलं हो! गाडी थांबवलीय!"

खट्.

पट्टा आपोआप सुटला.

नवरा कितीतरी वेळ नुसता श्वास घेत होता. मी रडत होते, आणि रडता रडता त्यालाच ओरडत होते, की मेल्या माणसासारखे बसून काय राहिलात, हाक मारता येत नाही का.

"मारत होतो की," तो कसाबसा म्हणाला. "काचतंय... काचतंय म्हणत होतो. पुरतं तोंडातून निघेना. आणि तू म्हणालीस, गप्प बसा."

काचतंय.

मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले.

जाऊबाई काच बदला म्हणत नव्हत्या. त्यांना काचत होतं. छातीत.

गाडी परत द्यायला मी एकटीच गेले. नवऱ्याला पुन्हा त्या गाडीच्या आसपासही फिरकू दिलं नाही. भावजी ओट्यापाशी उभे राहून चहा गाळत होते. मी बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पट्ट्याचं, आणि त्या शब्दाचं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. आपण एवढं साधं कसं चुकीचं ऐकलं म्हणून ऊर बडवेल.

त्यांनी गाळणी झटकली.

"रोजच काचायचं तिला," ते म्हणाले. "आज पट्टा, उद्या घर, परवा मी. कुठल्या कुठल्या काचाला थांबायचं?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"म्हणजे... तुम्हाला तेव्हाच समजलं होतं?"

"चहा घेणार का?" भावजींनी विचारलं.

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि निघाले. नवऱ्याला हे सांगितलं नाही. त्याचा सख्खा भाऊ. काय सांगणार?

आठवडाभराने भावजींचा फोन आला. ऊन स्वयंपाकघरात आडवं आलं होतं. मागून गाडीचा आवाज येत होता.

"कसली काच बसवून दिलीस गं?" ते चिडलेले होते. "टवके पडलेत. तेही आतून. आणि माझ्या समोरच. मला रस्ता दिसत ना..."

टक.

"आणि हा पट्टा..."

टक... टक...

"भावजी, गाडी थांबवा!" माझ्या हातातलं भांडं पडलं. "पट्टा काढा! आधी गाडी थांबवा!"

"काच..."

एवढंच. मग नुसता श्वास. मग तोही नाही.

मी हाका मारत राहिले.

आणि मग फोनच्या अगदी जवळून... एका बाईचा दमलेला आवाज आला. हा आवाज मी ओळखते. वर्षानुवर्षं तिच्या शेजारी बसून भाज्या निवडल्यात मी.

"कुठल्या कुठल्या काचाला थांबायचं?"

फोन बंद झाला.

गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावलेली सापडली. इंजिन चालू होतं. भावजी पट्ट्यात बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, झटका. जाऊबाईंच्या वेळीही हेच म्हणाले होते. डाव्या सीटवर कुणी नव्हतं, पण तिथलाही पट्टा लावलेला होता. तो का लावला होता, हे कुणीच विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

फोनवरचं ते वाक्य भावजी माझ्यासमोर एकदाच बोलले होते. ओट्यापाशी. तिथे आम्ही दोघंच होतो.

गाडी भंगारात गेली. नवऱ्याचा पाय आता बरा आहे, बडबडही पहिल्यासारखीच. पण परवा लेंग्याची नाडी बांधताना तो सहज म्हणाला, "फार काचतेय गं ही..."

मी गॅसवर दूध तसंच टाकून धावत गेले. ते उतू गेलं.