एक इसम

मी बेळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. ‘इसम’ या शब्दावर लेख लिहायचा म्हणून दिवाळीनंतर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळत होते. शब्द अरबीतून आलेला. मुळात अर्थ ‘नाव’. आपल्याकडे मात्र ज्याचं नाव ठाऊक नाही, त्याला इसम म्हणतात. विहिरीत सापडलेला इसम. रुळांवरचा इसम.

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ सूरज कामाला म्हणून निपाणीला गेला आणि परतला नाही. त्याची मोटरसायकल तिथल्या बसस्टँडजवळ सापडली. पुढे पोलिसांचे फोन येत राहिले. “एक इसम सापडलाय, येऊन बघा.” प्रत्येक वेळी पांढरी चादर उचलून बघितली. कधीच सूरज नव्हता. शब्द मात्र डोक्यातून जाईना.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, भर दुपारी, १९२९ सालच्या साप्ताहिकात वाचलं :

‘निपाणी येथे तंबाखूच्या वखारीपाशी एक तरुण इसम भ्रमिष्टासारखा बसलेला आढळला. डाव्या कानाची पाळी तुटलेली. अंगात बटणांऐवजी धातूचे बारीक दात असलेला कोट. कोठे जावयाचे असे पुसता “आक्काकडे” एवढेच म्हणाला.’

सूरजच्या कानाची पाळी लहानपणी कुत्र्यानं तोडली होती. जाताना अंगात चेनचं जाकीट होतं. आणि मला तो आक्का म्हणायचा.

सोबत माझी सहकारी उपासना होती. तिनं दोनदा वाचलं.

“योगायोग असेल, रचना. घरी चल.”

मी पुढच्या फायली काढल्या.

१९४४. संकेश्वर. ‘अनवाणी इसम. कानाची एक पाळी नाही. केस पिकू लागलेले. बेळगावची वाट विचारीत होता.’

१९५७. हत्तरगी. ‘त्या वेडसर इसमास मुलांनी दगड मारले.’

निपाणीहून आमच्या काकतीला येणारा हाच रस्ता. बसनं दीड-दोन तासांचा.

१९६६. ‘काकती येथे वेशीबाहेर एक वृद्ध इसम मृतावस्थेत आढळला. डाव्या कानास पाळी नाही. ओळख न पटल्याने ग्रामस्थांनी दफन केले.’

उपासनानं फाईल मिटली.

“आईंना सांगू नकोस,” ती म्हणाली.

सांगणार नव्हतेच. पण घरी आले तेव्हा आई अंगणात शेंगा फोडत बसली होती आणि सूरजचा मोबाईल नंबर बंद पडू नये म्हणून पुन्हा रिचार्ज मारायला सांगत होती. मला राहवलं नाही.

“आई, नको आता. त्यो येणार न्हाय.”

मग सगळं सांगितलं. तिचं माहेरही काकतीच.

“वेशीजवळचा म्हातारा,” ती म्हणाली. “मी बघितला त्याला. परकरातली पोर व्हते. समदी लांब उभी व्हती, म्हणून मीच तांब्या न्हेला.”

“काय बोलला?”

“मला आई म्हणाला. मी हसले.”

शेंगा तशाच तिच्या मुठीत राहिल्या.

“आणखी काय, आई?”

“मी नाव इचारलं, त्यानं सांगितलं. असलं नाव तवा गावात कुणाचंच न्हवतं. मला लई आवडलं गं. मग पोरगं झालं, तवा तेच ठेवलं.”