बधिर पावलांनी बर्फाच्या धारेवर

हिमनदीच्या पायथ्याचं तळं एका उन्हाळ्यात दोन पुरुष उंचीने चढलं होतं. त्याला अडवून धरलं होतं ते नुसत्या गोट्यांच्या आणि बर्फाच्या बांधाने. बांधाखाली, तीन दिवसांच्या चालीवर, साडेचार हजार वस्तीचं गाव. बांध फुटला तर पाण्याला हे अंतर कापायला एक संध्याकाळही लागली नसती! म्हणून तिघांची मोहीम निघाली. तळ्याच्या काठावर पातळी मोजणारं यंत्र बसवायचं आणि खिंड बर्फाने बंद व्हायच्या आत परत यायचं. ते यंत्र दर तासाला खाली आकडा पाठवणार होतं.

यंत्र भाचीच्या पाठीवर होतं. मोजणीचं काम तिचं. पुढे वाटाड्या मामा. हे डोंगर त्याच्याइतके कुणी तुडवले नव्हते. मागे स्वयंपाकी. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण त्याच्या अंगावर मांस औषधालाही नव्हतं.

पहिल्याच दिवशी भाचीच्या मनात पाल चुकचुकली. मामा मान खाली घालून, स्वतःच्या बुटांवर नजर रोखून चालत होता.

"काय शोधतोयस, मामा?"

"जमीन कापसाची झाल्यासारखी वाटतेय," तो हसला. "वय झालं गं."

दुसऱ्या मुक्कामावर त्याने बूट काढला, तर मोजा रक्ताने थबथबलेला. आत बोराएवढा खडा होता. दिवसभर त्याच्यावर चालला होता, पण त्याला पत्ताच नव्हता! गरम सूप त्याने तोंडाला लावलं आणि तसंच खाली ठेवलं. जीभ लालभडक, सोलल्यासारखी गुळगुळीत झाली होती. चेहऱ्यावर पिवळट छटा. झोपण्यापूर्वी त्याने विचारलं, "यंत्र घेतलंस ना?" ती हो म्हणाली. घटकाभराने त्याने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा.

पैलवान भांडी घासता घासता हळूच म्हणाला, "ताई, मामांचं काहीतरी बिनसलंय."

"थकलाय," भाची म्हणाली. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते धारेवर पोहोचले. दोन हात रुंद बर्फाची कड, दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे. पलीकडे तळं, फार तर दीड तासावर. तिघं एका दोराने बांधलेले होते. अर्धी धार सरली आणि खालून धुकं उसळलं. आकाश कुठलं, बर्फ कुठला, काही कळेना. स्वतःचे बूटही दिसेनात.

पुढचा दोर थबकला.

"मामा?"

धुक्यातली सावली डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. मग नाहीशीच झाली!

"डावीकडे गेला!" भाची किंचाळली. तिने कुऱ्हाड बर्फात ठोकली. दोर ताडकन ताणला. ती घसरली. एक हात... दोन हात... कुऱ्हाड निसटली! त्याच क्षणी पैलवानाने काहीही विचार न करता उजव्या कड्यावर उडी टाकली. दोर कडेवर करकचला आणि थांबला. दोघं दोन बाजूंना लोंबकळत होते, मध्ये ती.

"मामा, पाय टेकव कुठेतरी!" ती ओरडली.

"टेकलेत की," खालून शांत आवाज आला. "घट्ट उभा आहे मी."

धुकं जरा विरळ झालं तेव्हा तिने वाकून पाहिलं. त्याचे पाय हवेत लटकत होते.

आधी पैलवान दोर धरून वर आला. मग दोघांनी मिळून मामाला इंच इंच ओढून घेतलं. धारेच्या तोंडाशी परतून तंबू ठोकल्यावर भाचीने वायरलेसवर गावातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं ना?"

"हो, जठर काढलंय. आठ वर्षं झाली."

"मग बी-बाराचं इंजेक्शन? ते जन्मभर घ्यायचं असतं. जठर नसलं की कितीही खा, ते अन्नातून अंगी लागत नाही."

भाचीने मामाकडे पाहिलं. "शेवटचं कधी घेतलंस?"

"तारखा तुझी मामी लक्षात ठेवायची," तो म्हणाला. मामीला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. "ती गेली, मग राहिलंच. काही होत नव्हतं गं मला."

"साठा संपेपर्यंत काही होत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता नसा झडतायत. पाय कुठे आहेत हे मेंदूला कळत नाही. ते डोळ्यांनी बघून चालत होते, आणि धुक्याने तेही हिरावलं. खाली आणा त्यांना. जितका उशीर, तितकं कायमचं!"

"मला इथेच ठेवा," मामा हट्टाला पेटला. "तळं हाकेवर आहे. जा!"

भाचीने धारेकडे पाहिलं. तीन तास जाऊन-येऊन. साडेचार हजार माणसं. ती उठलीही. तेवढ्यात मामाने पैलवानाला अगदी सहज विचारलं, "मामी पुढे गेली का रे?"

भाचीने यंत्र उचललं आणि कपारीत दगडांखाली पुरलं. धुकं क्षणभर फाटलं तेव्हा तिला तळं दिसलं. काळं पाणी बांधाच्या काठापासून जेमतेम हातभर खाली. दुर्बीण लावून तिने ते डोळ्यांनी मोजलं आणि गावाला कळवलं, "यंत्र बसलं नाही. नदीकाठची घरं रिकामी करा."

उतरायला चार दिवस लागले. पैलवान पुढे चालायचा आणि मामा त्याच्या टाचांवर नजर ठेवून पाऊल टाकायचा.

बांध फुटला नाही. थंडीने तळं गोठलं, माणसं घरी परतली आणि भाचीला हसली. मामाला आधी एक दिवसाआड इंजेक्शनं मिळाली, मग दर महिन्याला. जीभ महिन्यात बरी झाली, दोन महिन्यांत डोकं ताळ्यावर आलं. पाय मात्र अर्धेच परतले. बर्फावरचं चालणं कायमचं संपलं.

बर्फ वितळू लागताच भाची आणि पैलवान पुन्हा वर गेले. यंत्र बसलं! खाली मामा वायरलेसपाशी बसून होता. दहाला पहिला आकडा आला. अकराला दुसरा, वितीने जास्त. बाराला तिसरा आला, बांधाच्या काठाला टेकणारा, तेव्हा त्याने कागद दोनदा वाचला आणि डॉक्टरीणबाईंना गाव सावध करायचा निरोप धाडला. मग काठी घेतली आणि नदीकाठच्या गल्लीत उतरला. पायांकडे बघत, एकेक पाऊल नीट ठेवत त्याने पहिलं दार ठोठावलं.

"पुन्हा तेच का, मामा?" बाई वैतागली.

"पुन्हा तेच," तो म्हणाला. "मुलं उचल आणि वर चल. मी पुढचं दार ठोठावतो."

दिवेलागणीला पाणी आलं. गल्लीतली चौसष्ट घरं पार वाहून गेली. त्यांतल्या एकाही घरात माणूस नव्हतं.