वाटेत आलेलं झाड

"मामा औषध फवारून झाड जाळतील? शक्यच नाही!" चिमी फणकारली.

"मी कुठं म्हणतोय? क्लबातली माणसं म्हणतायत!" मामेभाऊ भोपळ्या रडवेला झाला होता.

मामा म्हणजे भोपळ्याचे बाबा. गोल्फच्या मैदानाची निगा त्यांच्याकडे होती. मैदान कसलं, जंगलच ते! झाडं होती तिथेच ठेवून हिरवळ त्यांच्यामधून वळवलेली. एका वळणावरचं जुनं डेरेदार झाड अचानक वाळायला लागलं आणि खापर फुटलं मामांच्या फवारणीवर! उद्या झाडावर कुऱ्हाड पडणार होती आणि मामांच्या नोकरीवरही.

सुट्टीला आलेल्या चिमीला मात्र यात काहीतरी काळंबेरं वाटत होतं. शेजारच्या चष्मिसलाही बरोबर घेऊन तिघं बुंध्याशी ओणवी झाली.

"हे बघा! गवत कापून परत बसवलंय," चष्मिस कुजबुजला.

चिमीने तो तुकडा उचलला. खाली पांढरे खडे! भोपळ्याने बोट लावून चाटलंसुद्धा.

"मीठ!"

"अरे खादाडा, विष असतं म्हणजे?"

पण गवत इतकं नीट कोण बसवेल? चिमीला एकदम आठवलं. फटक्याबरोबर उडालेला गवताचा तुकडा जागेवर ठेवून बुटाने दाबायचा, ही तर खेळणाऱ्यांची सवय! आणि ज्यांचा चेंडू हटकून याच झाडावर आपटायचा, ते क्लबाचे सेक्रेटरीसाहेब येताजाता झाडाला शिव्या घालायचे.

चिमी क्लबाच्या व्हरांड्यात धावली.

"मामा, झाडाला पालवी फुटली!" ती मुद्दाम ओरडली.

सेक्रेटरीसाहेबांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

थोड्याच वेळात साहेब पिशवी लपवत झाडाशी आले. झुडपात लपलेला भोपळ्या मुंग्या चावत असूनही गप्प होता! साहेबांनी गवत उचललं, मीठ ओतलं, गवत ठेवलं आणि बुटाने हळूच दाबलं.

"काका, काही हरवलं का?" चिमी समोर उभी राहिली.

"अं... चेंडू! चेंडू शोधतोय!"

"मिठाच्या पिशवीत?" मागून क्लबाच्या अध्यक्षबाई कडाडल्या. चष्मिस त्यांना आणि मामांना घेऊन आला होता.

"एक झाड गेलं तर काय बिघडतं, म्हणून..."

"आणि त्याबरोबर एका माणसाची नोकरी जात होती, ती?"

साहेबांची मान खाली गेली.

"शाबास, पोरांनो! आम्ही मोठी माणसं डोळे मिटून बसलो," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग मामांकडे वळून त्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं."

मामा खारट माती उकरायलाच बसले. तिघंही हाताने माती उपसू लागली.

"मामा, वाचेल ना हो ते?"

"सांगता येत नाही, बाळा. मीठ धुऊन काढायला पाणी मात्र भरपूर लागेल."

अध्यक्षबाईंनी बादली उचलली आणि सेक्रेटरीसाहेबांच्या हातात दिली.

"तळं तिकडे आहे. निघा!"

कित्येक दिवसांनी मामा खळखळून हसले आणि ते बघून चिमीला मात्र रडूच फुटलं.