मावशीच्या कीर्तनाची चार पानं

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीतल्या फ्लॅटवर बसून मी मराठी टायपिंगची कामं करते. लग्नपत्रिका, मंडळाचा अंक, असलंच.

मार्चमध्ये राहिल एक वही घेऊन आली. ती अलिबागकडची बेने इस्रायल, म्हणजे आपल्याच कोकणातली ज्यू. इथे एका लॅबमध्ये नोकरीला. वहीत तिच्या शोभनामावशीची भजनं होती, आणि एक कीर्तन. एवढं सोसलं आम्ही, तू गप्प का, असं त्यात थेट वरच्यालाच विचारलेलं. साठ वर्षांपूर्वी मावशी ते म्हणायला उभी राहिली, तर वडीलधाऱ्यांनी अर्ध्यातच थांबवलं. पुन्हा ती कधी गायली नाही. आता अंथरुणाला खिळली होती आणि वहीचं छापील पुस्तक व्हायची वाट बघत होती.

"दादा म्हणतो, कीर्तन नको. खलास," राहिल म्हणाली. रडत रडत तिनंच ती चार पानं ब्लेडनं कापली. घरी दादाच्या हाती लागतील म्हणून माझ्याकडे ठेवली. "टाकू नका हं, ताई. त्याचं नाव असलेला कागद आम्ही फेकत नाही. पुरतो."

माझ्या तोंडी तर त्याचं नाव उठताबसता. दूध उतू गेलं तरी. त्यात काय एवढं, वाटलं मला. रविवारी रद्दीबरोबर ती पानंही श्रेडरमध्ये गेली. टाइप करून ठेवायचंही सुचलं नाही.

सोमवारी प्रूफ काढलं. भजनांत जागोजागी पांढऱ्या फटी. आपण ज्याला हात जोडतो, नेमकं त्याचंच नाव नाही. फॉन्ट बदलला, टोनर बदलला, ड्रॅगन मार्टजवळच्या दुकानातून प्रिंट आणली. तेच.

मग वही उघडली. मावशीच्या निळ्या शाईतही त्या जागा कोऱ्या होत्या. खोडल्याची खूण नव्हती.

तेवढ्यात राहिल आली. दादाशी भांडून आली होती. कीर्तन छापायचं, तसं मावशीला फोनवर सांगितलंय, ती हसली म्हणे.

"पानं द्या, ताई."

मी खरं ते सांगितलं. ती ओरडली नाही.

"दुसरीकडे कुठेच नाही ते," म्हणाली. "मावशीलाही आता आठवत नाही."

वही घेऊन ती गेली. माझी मलाच शरम वाटली. चौरंगावरची पोथी उघडली. तिच्यातही फटी.

माझी लेक ओवी शाळेतून आली. "आई, व्हॉट हॅपन्ड?"

मी कपाळाला हात लावला. "अरे..." म्हणाले. पुढचा शब्द येईना.

ओवी हसली. रोज माझी नक्कल करते ती. तिनंही कपाळाला हात लावला.

"अरे..." म्हणाली, आणि थांबली.