डावखुऱ्या बायका

चित्राचा खून झाला होता. याहून सौम्य शब्द मिस एडिथ थ्रेलफॉल यांना सुचला नाही. सुचला असता तरी त्यांनी तो वापरला नसता.

हॉल्टनच्या नगर-चित्रशाळेच्या तिसऱ्या दालनातील त्या आठ फुटी कॅनव्हासवर सात बायका हेरिंग मासे साफ करीत उभ्या होत्या. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, उजव्या हातांत आखूड सुऱ्या, चेहऱ्यांवर पहाटेची थंडी. त्या चेहऱ्यांवरूनच पाच लांब वार गेले होते. कापड वादळातून आलेल्या शिडासारखे लोंबत होते. खाली जमिनीवर तशीच एक आखूड सुरी पडली होती.

मिस थ्रेलफॉल यांनी चाळीस वर्षे चित्रकला शिकवली होती. रुपर्ट ऑल्डक्रॉफ्ट त्यांचा जुना विद्यार्थी, आता नामांकित चित्रकार. चित्राखाली सही त्याची होती. आणि जिला तासाभरापूर्वी अटक झाली, ती नॅन स्टॉरही त्यांचीच विद्यार्थिनी. तिला ऑल्डक्रॉफ्टकडे मदतनीस म्हणून पाठवणाऱ्याही त्याच. या चित्रावर परवाच्या वर्तमानपत्रात त्यांनी अर्धा रकाना लिहिला होता: ‘ऑल्डक्रॉफ्ट यांच्या हातून याआधी असे काम झाले नव्हते.’

“उघड आहे सगळं,” इन्स्पेक्टर ब्रॅथवेट म्हणाले. “काल चार वाजता ही पोरगी इथे येऊन ओरडली. ‘चित्र माझं आहे, उतरवा ते.’ सुरीच्या मुठीवर तिच्या आईची खूण आहे. डोकं फिरलं, वार केले.”

“आणि हे?”

डाव्या बाजूला, खालच्या कोपऱ्याजवळ, वीतभर लांबीरुंदीचा चौकोन कॅनव्हासमधून नाहीसा झाला होता. चारही कडा धाग्याला धागा सरळ.

“तेही रागाच्या भरात.”

“रागाच्या भरात कोणी पट्टी लावून कापत नाही, इन्स्पेक्टर. मी या क्षणी रागात आहे. मला सरळ रेघसुद्धा मारता येणार नाही.”

चित्रशाळेचे प्रमुख पर्सी ऑर्मरॉड रुमालाने कपाळ पुसत बाजूला उभे होते.

“त्या चौकोनात काय होतं, मिस्टर ऑर्मरॉड?”

“काही नाही हो. ओली फरशी. राखाडी रंग.”

“नुसती फरशी?”

“म्हणजे... गेल्या आठवड्यात दिवा तिरका धरला तेव्हा तिथे एक मळकट डाग दिसला. बुटासारखा. अंगठ्याएवढा छोटासा बूट, टाच वगैरे सगळं. मी मिस्टर ऑल्डक्रॉफ्टना सांगितलं. ते म्हणाले, ‘व्हार्निश लावायला येईन तेव्हा पुसतो.’”

दालनाची राखण मिसेस डक्सबरी यांच्याकडे होती. खुर्चीवरून न उठताच त्यांनी उत्तरे दिली.

“ती पोरगी गेल्यावर आत कोण आलं होतं?”

“कुण्णी नाही.”

“अगदी कोणी नाही?”

“बंद करायच्या वेळी मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट आले होते, व्हार्निशची पेटी घेऊन. पण ते काय, घरचेच. चित्र त्यांचंच की!”

“नंतर तुम्ही चित्र पाहिलंत?”

“दिव्याचं बटण दाराशी आहे, बाईसाहेब. माझ्या गुडघ्यांना विचारा, उगीच आत जातील का ते!”

ऑल्डक्रॉफ्ट ऑर्मरॉड यांच्या खोलीत चहा घेत बसला होता. डोळे ओले होते. मात्र बिस्किटांची बशी रिकामी झाली होती.

“बाई! मयताला आलात.”

“चित्र कधी केलंस, रुपर्ट?”

“सत्तावन्नच्या उन्हाळ्यात. ऑक्टोबरात पूर्ण झालं, वाळलं, भिंतीला टेकवलं आणि मी पोर्तुगालला गेलो. परतलो तो मे महिन्यात. बोटीची तिकिटं दाखवू का?”

“नको. त्या फरशीचा राखाडी फार सुंदर उतरला होता. रंग टिपून घेतला होतास?”

“टिपून?” तो हसला. “ओल्या रंगावर वर्तमानपत्र दाबायचं नि सोलायचं? बाई, ती तुमची स्वयंपाकघरातली युक्ती मी तुमची शाळा सोडली त्या दिवशी सोडली. चित्रकार सुरीने खरवडतो. टिपतात ती पोरंटोरं.”

“कधीच नाही?”

“तीस वर्षांत एकदाही नाही. छापून आलंय माझ्या मुलाखतीत.”

“वाचलंय मी,” मिस थ्रेलफॉल म्हणाल्या आणि दार आपटून बाहेर पडल्या.

पोलीस ठाण्यातल्या कोठडीत नॅन भिंतीला टेकून बसली होती. वय अठ्ठावीस, क्षयाच्या इस्पितळात दहा महिने काढून ती जानेवारीतच बाहेर आली होती.

“या, बाई. लेख वाचला तुमचा. छान लिहिता.”



“सुरी तुझ्या आईची?”

“हो. समोर ठेवून चित्रात काढायला ऑल्डक्रॉफ्टच्या स्टुडिओत नेली होती, ती तिथेच राहिली. गेल्या वर्षी मार्च संपता संपता मला इस्पितळात हलवलं. रुपर्ट साहेबांना मी पोर्तुगालला पत्र टाकलं होतं, चित्र मोठं आहे, आमच्या माळ्यावर माशांच्या धुरात खराब होईल. त्यांनी कळवलं, ‘माझ्या स्टुडिओत ठेव, तिथे कोरडं आहे.’ केवढे उपकार! बाहेर आले तर खाली त्यांची सही.”

“ते पत्र?”

“इस्पितळात कपडे, कागद, सगळं जाळतात, बाई.” तिला खोकल्याची उबळ आली. “सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढे नेणार. तुरुंगाच्या ओलीत माझी फुप्फुसं एक हिवाळा काढणार नाहीत, हे मला डॉक्टरने सांगायला नको. पण एक सांगा. मधली ती वाकलेली बाई माझी आई आहे. तिच्या तोंडावर मी सुरी चालवीन?”

“नाही.”

“मग तुम्ही चार वर्षं माझा हात धरून शिकवलंत, आणि तोच हात भिंतीवर दिसला तर ओळखला नाहीत?”

 स्वतःवरचा संताप अंगात घेऊनच मिस थ्रेलफॉल यांनी रेव्हन्सविकची बस पकडली.

रेव्हन्सविक बंदरात मासे धुरवण्याच्या लाकडी घराच्या माळ्यावर बेला स्टॉर राहत असे. नॅन त्याच माळ्यावर रंगवीत असे. समुद्राचा वारा घराच्या फळ्याफळ्यांतून शिरू पाहत होता. आत मात्र चिमणीची ज्योतही हलत नव्हती, कारण चारी भिंतींना वर्तमानपत्रांचा जाड थर चिकटवला होता.

“तुम्ही त्या शाळेतल्या बाई ना?” बेलाने खुर्ची पायाने पुढे सरकवली. “बसा. पोरीला शिकवून फार भलं केलंत तिचं.”

मिस थ्रेलफॉल बसल्या नाहीत. त्या भिंतीकडे पाहत होत्या. कागदांवर राखाडी, निळे, मातकट डाग होते. डागांत एक खांदा होता, खाली वाकलेली एक मान होती.

“हे कागद कुठले?”

“पोरीचेच. गेल्या हिवाळ्यात चित्रावर बसली की रोज संध्याकाळी ओल्या रंगावर कागद थापायची नि काढायची. फेकायला जीव होईना. खळ लावून मी फळ्यांना डकवले. तेलकट बाजूला खळ धरत नाही, म्हणून रंग बाहेर.” बेला पहिल्यांदाच किंचित हसली. “आम्हा सातजणींत डावखुरी एक नाही. पण कागदावर बघा, सगळ्या डाव्या हाताने मासे कापतात! हसून हसून पोट दुखायचं.”

मिस थ्रेलफॉल गुडघ्यांवर बसल्या. भिंतीच्या उजव्या टोकाला, जमिनीलगत, राखाडी रंगाने माखलेला एक कागद होता. तो त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

“इथे जवळ टेलिफोन कुठे आहे?” त्यांनी विचारले. 

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माळ्यावर सहा माणसे दाटीने उभी होती. इन्स्पेक्टरने नॅनला आणले होते. ऑर्मरॉड आले होते. ऑल्डक्रॉफ्ट रुमाल नाकाशी धरून होता.

“मला या धुरात कशाला बोलावलंय?”

“शिकायला,” मिस थ्रेलफॉल म्हणाल्या. “तुझं शिक्षण अर्धवट राहिलं. दोष माझा.

“इन्स्पेक्टर, आधी वार पाहा. कॅनव्हास ताणलेला असेल तरच त्यात सरळ चौकोन कापता येतो. पाच वार झाल्यावर तो लोंबू लागला. लोंबत्या कापडात धाग्याला धागा कापून दाखवा, मी माझे शब्द मागे घेईन. म्हणजे चौकोन आधी कापला, वार नंतर झाले. ज्याला राग आलाय तो वारापासून सुरुवात करतो. इथे राग नंतर चढवलाय, भिंतीला रंग चढवावा तसा. हवा होता तो फक्त चौकोन.

“चौकोनात काय होतं? एक बूट. तो ऑर्मरॉड यांनी पाहिला आणि एकाच माणसाला सांगितला. आता चित्रशाळा बंद होताना आत कोण गेलं? मिसेस डक्सबरी म्हणाल्या, कुण्णी नाही. त्या खोटं बोलल्या नाहीत. स्वतःच्या चित्राचा गळा कोण कापेल, म्हणून त्यांनी त्या माणसाला मोजलंच नाही. आपणही मोजलं नाही. पण चित्र त्याचं नसेल तर?”

“बाई, पुरे!” ऑल्डक्रॉफ्ट ओरडला.

“मी अजून सुरुवातही केलेली नाही. मिस्टर ऑर्मरॉड, हा कागद पाहा.”

ऑर्मरॉड वाकले. वर्तमानपत्राच्या खालच्या कोपऱ्यात कुठल्याशा चांभाराची जाहिरात होती. मधोमध अंगठ्याएवढा बूट. आजूबाजूची छपाई काळीभोर होती. बूट मात्र कोणी चाटून नेल्यासारखा फिकट झाला होता.

“हाच!” ते म्हणाले. “फक्त तोंड दुसरीकडे होतं.”

“असणारच. टिपताना रंग कागदावर येतो तो उलटा, आणि शाई रंगात उतरते तीही उलटी. म्हणून इथल्या बायका डावखुऱ्या आहेत. म्हणूनच चित्रात डावीकडे खाली असलेला बूट इथे उजवीकडे खाली आहे. बाकीची शाई नॅनने दुसऱ्या दिवशी रंगाखाली झाकली. एवढी एक जागा राहून गेली. इन्स्पेक्टर, कागदावरची तारीख मोठ्याने वाचा.”

“अकरा फेब्रुवारी, एकोणीसशे अठ्ठावन्न.”

“त्या दिवशी किंवा त्यानंतर ही फरशी ओली होती. रुपर्ट म्हणतो, ऑक्टोबरातच चित्र पूर्ण होऊन वाळलं. वाळलेल्या रंगातून कागद काहीच उचलत नाही. फेब्रुवारीत तो पोर्तुगालमध्ये होता, तिकिटं त्याच्यापाशी आहेत. तो मे महिन्यात परतला, पण त्याआधी मार्चमध्येच नॅन इस्पितळात होती आणि कागद या भिंतीवर होता. शिवाय ‘तीस वर्षांत मी एकदाही रंग टिपला नाही,’ हे तो छापून सांगतो. नम्रपणे ‘क्वचित टिपतो’ म्हणाला असता, तर मला वाट शोधावी लागली असती. पण घमेंड होती! माझ्या युक्तीला त्याने स्वयंपाकघरात बसवलं.”

“तिने नंतर मागाहून नक्कल...” ऑल्डक्रॉफ्टने भिंतीकडे पाहिले आणि वाक्य सोडून दिले. चारी बाजूंनी बायका त्याच्याकडे डाव्या हातांत सुऱ्या धरून पाहत होत्या. नऊ-दहा आठवड्यांच्या संध्याकाळी तिथे एकीला लागून एक डकवलेल्या होत्या, प्रत्येकीवर तारीख होती.

“चित्र नुसतं पडून होतं,” तो अखेर पुटपुटला. “ती जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं.”

“म्हणून सही केलीस,” नॅन म्हणाली. “आणि मी जगले म्हणून माझ्या आईच्या तोंडावर सुरी चालवलीस. तिचीच सुरी घेऊन.”

इन्स्पेक्टरने ऑल्डक्रॉफ्टचा दंड धरला. जिन्यावरून उतरताना त्याचा नवा कोट धुराने काळवंडलेल्या कठड्याला घासत गेला. कोणी त्याला सावध केले नाही.

थोड्या वेळाने खालून आलेल्या शिपायाने ओला स्पंज आणि पातळ पाते घेऊन कागद सोडवायला सुरुवात केली. पहिला कागद निघाला तसा वारा फळीतून शिट्टी घालीत आत आला.

“पुरावा न्या,” बेला म्हणाली. “पण भोक कोण बुजवणार? पोरीच्या छातीला वारा चालत नाही.”

मिस थ्रेलफॉल यांनी पिशवीतून लेखाचे ते वर्तमानपत्र काढले. आपला अर्धा रकाना त्यांनी एकदा शेवटचा वाचला. ‘याआधी असे काम झाले नव्हते.’ डोळ्यांनी खरे पाहिले होते. सही वाचून डोक्याने ते खोटे केले. ऑल्डक्रॉफ्टवरचा राग एव्हाना निवला होता. स्वतःवरचा निवणारा नव्हता.

“नॅन, मी चुकले. उद्या हे छापायला देते, याच वर्तमानपत्राला, याच जागी.”

“द्या,” नॅन म्हणाली. तिने क्षमा केली नाही. खळीचे भांडे मात्र पुढे सरकवले.

मिस थ्रेलफॉल यांनी स्वतःच्या लेखावर खळ फासली, लेखाची बाजू आत करून कागद फळीवर दाबला आणि तळव्याने कडा नीट बसवल्या. शिट्टी थांबली.

“बघा बाई,” नॅन म्हणाली, “शेवटी त्या लेखाचा उपयोग झाला.”