नळीला पाणी

यात पदरचा एकही शब्द नाही. गावाचं नाव तेवढं सांगत नाही. तिथली माणसं हयात आहेत, आणि ती विहीरही. उदगीर सोडून कर्नाटकच्या सरहद्दीकडे निघालं की काळ्या रानात ते गाव लागतं. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या चैत्रात हे घडलं.

आणि रात्री नव्हे.

भर दुपारी. सावलीसुद्धा पायाखाली येऊन लपते, त्या वेळी.

त्या साली पावसानं श्रावणातच पाठ फिरवली होती. पारावर थट्टा चाले, "जिल्हा इकडं आला, पाऊस उस्मानाबादेतच राहिला. त्याला नवा पत्ता कुणी कळवलाच न्हाई!"

हसणाऱ्यांचे ओठ फुटलेले असत.

गावात पाणी उरलं होतं एकाच विहिरीत. शिवमूर्तीच्या.

शिवमूर्तीचे आईबाप तो लहान असतानाच गेले. चुलते विरूपाक्ष आणि चुलती गंगम्मा यांनी त्याला वाढवलं. गंगम्माला तो अव्वा म्हणे. विरूपाक्षही नुकतेच वारले होते. त्यांच्या मागे राहिली ती पायऱ्यांची विहीर, आणि माजघरातल्या खुंटीवर ठासणीची बंदूक.

त्या बंदुकीचा घराला मोठा अभिमान. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धामधुमीत, विहिरींत विष कालवतात अशी आवई उठली होती. तेव्हा विरूपाक्ष ही बंदूक घेऊन विहिरीवर पहाऱ्याला बसले. "ह्या नळीनं गावाचं पाणी राखलं," असं गाव म्हणे. विरूपाक्ष स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक रीत घालून दिली. दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी हवेत एक बार काढायचा, आणि बंदूक घरात आणण्याआधी तिच्या नळीत तांब्याभर पाणी ओतायचं. याला ते 'नळीला पाणी दाखवणं' म्हणत. मरताना त्यांनी शिवमूर्तीचा हात घट्ट धरला होता.

"घरचं माणूस तहानलं तर तहानू दे. नळी तहानू देऊ नको."

दारूची काजळी लोखंड खाते, म्हणून म्हणत असतील... असंच सगळ्यांना वाटलं.

त्या दुष्काळी दसऱ्याला बार निघाला. गंगम्मा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"राहू दे, अव्वा. माणसाला न्हाई अन् लोखंडाला कुठून?"

"तुझ्या काकानं एक साल चुकवलं न्हाई, अप्पा."

"काकाच्या काळात विहीर काठोकाठ हुती."

त्यानं करडईच्या तेलाच्या चिंधीनं नळी पुसली आणि बंदूक खुंटीला टांगली.

तिन्हीसांजेला दिवा लावताना त्याला खुंटीकडून आवाज आला...

कोरड्या घशानं आवंढा गिळावा, तसा.

चैत्र उजाडला. देगलूरला दिलेली त्याची लेक सिंधु पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. विहिरीत कमरेइतकंच पाणी होतं. शिवमूर्तीनं हिशेब बांधला : सकाळी घरटी एक घागर, बाकीचं सिंधुसाठी. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीची पाळी शेवटी येई. तोवर घागरीत गाळच चढे.

त्या वस्तीतली सरजाबाई मात्र कधीच येत नसे. म्हातारी ओढ्याच्या वाळूत हातानं झिरा उकरी आणि वाटीवाटीनं पाणी भरी. तिचा नवरा ग्यानोबा अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात नाहीसा झालेला. निजामाच्या हद्दीपलीकडे स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात गेला आणि तिकडेच राहिला, असं गाव सांगे.

"म्हातारीला विहिरीचं पाणी कडू लागतंय," बायका टोमणा मारीत.

आणि मग पाणी चोरीला जाऊ लागलं.

रोज दुपारी पातळी थोडी खाली जाई. रहाटाचा दोर कोरडा. पायऱ्यांवर मात्र ओल्या पावलांचे ठसे...

सगळे खाली उतरणारे.

वर येणारा एकही नाही.

शिवमूर्तीनं बंदूक काढली. दारू ठासली, छर्रे भरले.

गंगम्मानं दारात वाट अडवली. "बंदूक घिऊन विहिरीवर बसू नको, अप्पा. तुझा काका बसला हुता एकदा."

"मग? पाणी राखलंच की त्यानं!"

म्हातारी बाजूला झाली.

विहिरीच्या काठावर एक बाभूळ होती. तिच्या खोडाला बंदूक उभी टेकवून शिवमूर्ती बसला. ऊन पांढरं झालं होतं. पाखरू नाही, वारा नाही. जगानं श्वास आत घेतला होता आणि सोडायचं विसरलं होतं. त्याचा डोळा लागला असावा.

गार झुळूक मानेवर आली. ओल्या मातीचा वास आला...

चैत्रात?

आणि विहिरीतून आवाज आला.

पाण्यात हात बुडाल्याचा.

त्यानं बंदूक उचलली आणि काठावरून वाकून पाहिलं. शेवटच्या पायरीवर एक माणूस पाठमोरा वाकला होता. गुडघ्यावर धोतर, उघडी पाठ, बरगड्या मोजाव्यात अशी. तो ओंजळ भरत होता. ओंजळ तोंडाकडे नेत होता. तोंडाला लागायच्या आत ती रिती होत होती. पुन्हा भरत होता. पुन्हा रिती.

"कोण हाय रे? वर हो! बार काढीन!"

माणूस वळला नाही.

शिवमूर्तीच्या डोळ्यांपुढे सिंधुचे सुकलेले ओठ आले. त्यानं पाठीवर नेम धरला.

चाप ओढला.

घोडा पडला... टक्.

बार निघाला नाही.

त्यानं नळी खाली केली, आणि त्याच्या पायावर काहीतरी पडलं. कोमट.

पाणी. बंदुकीच्या नळीतून संथ धार लागली होती. तांब्याभर तरी असेल.

त्यानं पुन्हा खाली पाहिलं. त्याच पायरीवर आता एक मुलगी उभी होती. काखेत घागर. सरजाबाईची नात, पंचशीला.

"मला मारत हुता, मालक?" तिची नजर खाली झाली नाही. "घागरभर पाण्यासाठी?"

"तू... तू कधी आलीस? तो माणूस कुठं गेला?"

"कोणता माणूस? म्या एकलीच हाय. झिरा आटला. आजीला ताप हाय. तुमी डुलकी घेत हुता, म्हणून उतरले. तुमच्या घरच्या कुणा म्हाताऱ्यानं पाहिलं की मला! त्यानं हातानं खूण केली, जा म्हणून."

"कोणता म्हातारा?"

"तुमच्याजवळच हुता की उभा. उन्हात तोंड नीट दिसलं न्हाई, पर कपाळाला भस्म, गळ्यात लिंग." ती त्याच्या मागे बघू लागली. "तांब्यानं बंदुकीच्या तोंडात पाणी ओतत हुता..."

शिवमूर्तीनं मागे पाहिलं.

बाभळीखाली कुणीच नव्हतं. खोडापाशी माती तेवढी ओली होती.

घरी येऊन त्यानं बंदूक गंगम्मापुढे टाकली आणि पायरीवरच्या माणसाचं, बाभळीखालच्या म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. नळीतून अजून थेंब ठिबकत होते. म्हातारीनं ते पाहिले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"मला वाटलं, हे माझ्यासंगं जाईल," ती म्हणाली. "येळ सांगायला नको, अप्पा. दुपारच हुती तवाबी. गाव झोपलेलं. त्या लोकांना विहिरीवर चढायची बंदी, म्हणून ग्यानोबा तसल्या सामसुमीत आला. तुझ्या काकाला वाटलं, इष टाकायलाय. ओंजळ तोंडाला लागायच्या आत बार निघाला."

"अन् मग, अव्वा?"

"मग काय? गावाला काय सांगणार, पाणी पिणारा मारला? जात्याची तळी, खालचा जड दगुड, कमरेला बांधली अन् आतच सोडला. विहिरीत इष पडलं, टाकणारे बाराला भिऊन पळाले, म्हणून सांगितलं. सहा म्हैने कुणी पाणी भरलं न्हाई. वास आला तरी गाव म्हणालं, इषाचाच हाय."

"अन् मग?"

"मग प्यायलो की, अप्पा. समदेच प्यायलो."

आत सिंधु पाणी मागत होती. गंगम्मानं उठून तिला फुलपात्र भरून दिलं. शिवमूर्ती बघत राहिला. पिऊ नको, म्हणता आलं नाही. दुसरं पाणी गावात नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्यानं पहिली घागर स्वतः खांद्यावर घेतली आणि ओढा ओलांडून सरजाबाईच्या दारात नेली. गाव बघतच राहिलं. म्हातारी वाकळेवर पडली होती. ताप डोळ्यांत उतरला होता. पंचशीला दाराला पाठ लावून उभी होती.

"घ्या, सरजाबाई. निवळ पाणी हाय."

म्हातारीनं घागरीकडे पाहिलं, हात लावला नाही.

"न्हाई, मालक. आमचा माणूस सपनात येतो. म्हणतो, सरजा, मरलीस तरी ते पिऊ नको." तिला धाप लागली होती. "पर एक सांगा..."

"विचारा की."

"तळ लागला का?"

शिवमूर्तीच्या ओठांवर सगळं आलं होतं. एक शब्द, आणि चौतीस वर्षांचं वाट बघणं संपलं असतं.

"न्हाई," तो म्हणाला.

सरजाबाईनं मान हलवली. तिला घाई नव्हती.

"लागंल."

सिंधुला मुलगा झाला. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. खुंटीखालची भिंत मात्र अजून ओलीच असते. सरजाबाई त्या तापातून उठली. रोज सकाळी काठी टेकत विहिरीच्या काठावर येते, आत डोकावते आणि परत जाते.

आणि शिवमूर्ती...

टँकरनं, बैलगाडीनं, जमेल तिथून तो टिपाडं भरून पाणी आणतो. घोटभर पाण्यासाठी गाव रस्त्यावर उभं असताना तो ती टिपाडं आपल्याच विहिरीत रिती करतो. लोकांना वाटतं, याचं डोकं फिरलं. काही म्हणतात, पुण्य करतोय. जात्याच्या त्या तळीवर वीतभर तरी पाणी राहावं, एवढीच त्याची धडपड.

सकाळी ती झाकलेली असते.

दुपार होते. दोर हलत नाही. पायऱ्यांवर ओली पावलं उमटतात...

आणि पाणी ओंजळभर कमी होतं.