फाईलची आंघोळ

टायपिंगच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या. कारण शेवटी कळेल.

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. मंगळवार होता. दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं. रात्र नव्हती, वादळ नव्हतं, ट्यूबलाइट चालू होत्या. जागा आमच्या कार्यालयाची रेकॉर्ड रूम, दुसरा मजला.

आमचं कार्यालय भेदभावाच्या तक्रारी घेतं. कामावर कुणाला बाई म्हणून, रंगावरून, जन्मावरून वेगळं वागवलं की तो माणूस खिडकीशी येतो. खिडकीत मी बसते.

नियम साधा आहे. एकशेऐंशी दिवसांत निकाल द्यायचा. नाही दिला, तर एकशेएक्याऐंशीव्या दिवशी तक्रारदाराला एक पत्र द्यायचं. आम्ही त्याला मोकळीचं पत्र म्हणतो. ते हातात पडलं की माणूस थेट कोर्टात जातो आणि कोर्ट त्याच दिवशी थांबवायचं ते थांबवू शकतं.

पण जितकी पत्रं बाहेर जातील, तितकी साहेबांना वरून विचारणा.

म्हणून एक युक्ती होती. एकशेएकोणऐंशीव्या दिवशी फाईलमध्ये त्रुटी काढायची. काहीही. फाईल परत. सुधारून आली की नवा आवक क्रमांक, नवी तारीख. दिवस शून्य.

याला आम्ही म्हणायचो, फाईलला आंघोळ घालणे.

"बाई, हिला आंघोळ घाला," साहेब म्हणायचे. "साबण लावून."

आम्ही हसायचो. मीसुद्धा.

दिवस १७९

ती पत्र्याच्या कारखान्यात होती. प्रेसवर डब्यांची झाकणं कापायची. आम्ही तिला प्रेसवालीच म्हणायचो.

तिची तक्रार एका पानाची होती. नव्या मशीनना हात वाचवणारी जाळी आहे, त्यांवर सगळे पुरुष. चार नंबरला जाळी नाही, त्यावर आळीपाळीने बायका. ती बोलली. तेव्हापासून चार नंबरवर रोज तीच.

खिडकीशी उभी राहिली की कट्ट्यावर बोटांनी ठेका धरायची.

"काय मोजताय?" मी एकदा विचारलं.

"सवय झालीय, ताई. एक, दोन, तीन. चार म्हणायच्या आत हात बाहेर पाहिजे. चाराला प्रेस खाली येतो."

मी तिला मेमो दिला. जोडपत्रात पान तीनवर तारीख खोडलेली आहे.

दिवस ०

"परत पहिल्यापासून?"

"नियम आहे."

"कारखान्यात सगळे चिडवतात, तुझी फाईल म्हातारी होऊन मरणार. मी म्हटलं, छे, ती सहा महिन्यांत परत तान्ही झाली." ती हसली. मग म्हणाली, "तुमचं एकशेऐंशीला शून्य होतं, ताई. माझं चाराला."

दिवस १७९

झेरॉक्स पुसट आहे.

दिवस ०

दिवस १७९

टाचणीचा गंज पानाला लागला आहे.

दिवस ०

या तिसऱ्या वेळी ती जेवणाच्या सुट्टीत धावत आली. सुधारलेला कागद दिला. पहिल्यांदाच माझ्याशी भांडली. दहा मिनिटं. मी खिडकीची काच ओढून घेतली.

त्या दहा मिनिटांमुळे तिला परतायला उशीर झाला. सुपरवायझरने शिव्या घातल्या. ती घाईत बसली...

चाराला उजवा हात आत होता.

कोपरापर्यंत. दुसऱ्या झटक्याला तिचं डोकं. मशीन बंद करायचं बटण पलीकडच्या भिंतीवर होतं.

हे सगळं मला तिच्या धाकट्या बहिणीने खिडकीशी उभं राहून सांगितलं. मृत्यूचा दाखला तिने घडी न घालता, दोन्ही हातांत सपाट धरून आणला होता.

"तक्रार मी पुढे चालवते," ती म्हणाली. "चार नंबरवर आता मला बसवलंय."

मी तिचा अर्ज फाईलला लावला. क्रमांक तोच राहिला. दिवस पुढे मोजले जाऊ लागले.

दिवस १८०

तो मंगळवार.

आदल्या दिवशी साहेब रजेवर होते. आंघोळ चुकली होती. मंगळवारी बहीण सकाळीच येऊन विचारून गेली, "उद्या पत्र मिळेल ना, ताई?" मी हो म्हटलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी बोलावलं.

"ती प्रेसवालीची फाईल आणा. तक्रारदार मयत, वारसाने नव्याने अर्ज करावा. घाला आंघोळ."

"साहेब, ही एक जाऊ द्या. बहीण त्याच मशीनवर आहे."

"मग पत्रावर सही तुम्ही करता का? कौतुक होईल तुमचं."

मी जागची हलले नाही. नोकरीत पहिल्यांदा.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "आमचेही हात आहेत."

ते स्वतः गेले. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

आमच्याकडे सरकते लोखंडी रॅक आहेत. शेवटच्या रॅकला चाक असतं. ते फिरवलं की दोन रॅकमध्ये वाट उघडते, उलटं फिरवलं की रॅक एकमेकांना भिडतात. शिपाईमामा चाकाला कुलूप घालून जेवायला जातात. त्या दिवशीही घालून गेले होते. वाट आधीच उघडी होती, म्हणून साहेबांना चाकाची गरज पडली नाही. त्यांनी उजवा हात आत घातला.

"बाई, ही फाईल ओली कशी?"

छत कोरडं होतं. तिथे नळ नाही.

तरी थेंब पडत होते... आणि मग लोखंडावर बोटं वाजली.

एक...

चाक फिरलं. कुलपासकट.

"चाक सोडा, बाई."

"मी दारात आहे, साहेब."

दोन...

त्यांनी हात ओढला. निघाला नाही. त्यांनी पाय रॅकला लावून ओढला. "कुणीतरी धरलंय," ते म्हणाले. अगदी हळू, जणू तक्रार करताना लाज वाटत होती.

तीन...

मी धावायला हवं होतं. माझे पाय फरशीला चिकटले होते. म्हणजे, मी तेव्हापासून असंच सांगते.

चार.

धाड.

वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. साहेब ओरडले नाहीत, त्यांच्या तोंडातून फक्त हवा गेली. रॅक मागे सरकला. हात लोंबत होता, कोपराखाली दोन ठिकाणी वाकलेला, हाड शर्टाच्या बाहीतून बाहेर.

मला वाटलं, संपलं.

एक...

दुसऱ्या वेळी ते ओरडले. तिसऱ्या वेळी ओरडायला शुद्ध नव्हती. रक्त खालच्या फायलींवर गेलं, फायली बांधायच्या नाड्या भिजल्या, लेबलांवरचे आवक क्रमांक पुसले गेले.

तीन वेळा. त्या फाईलला आंघोळ तीनदा घातली होती.

मामा धावत आले तेव्हा चाक स्तब्ध होतं. कुलूप लागलेलं. किल्ली मामांच्याच खिशात.

दिवस १८१

साहेबांचा हात कोपरापासून काढला. ते बेशुद्ध होते.

माझ्या टेबलावर मोकळीचं पत्र होतं. टाइप केलेलं, त्याच दिवसाच्या तारखेचं. खाली साहेबांची सही. त्यांची नेहमीची, शेवटी शेपूट ओढलेली.

जावक नोंदवहीत नोंद होती. अक्षर माझं. मी लिहिलेली नव्हती.

बहीण आली. पोच घ्यायला तिच्यापुढे वही केली, तर त्या रकान्यात आधीच कुणीतरी सही केली होती. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी.

तिने सहीवरून बोट फिरवलं.

"नाव माझ्या ताईचं आहे," ती म्हणाली. "पण ताई उजव्या हाताने लिहायची."

पत्र घेऊन ती गेली. त्याच संध्याकाळी कोर्टाने चार नंबर बंद करायला लावला. बहीण जिवंत आहे, दोन्ही हातांनी. तेवढं एक बरं झालं.

चौकशीत रॅक सदोष ठरला. रॅक बदलले. आंघोळ हा शब्द आता कुणी काढत नाही. एकशेएक्याऐंशीव्या दिवशी पत्र जातं, मागायच्या आधी.

मी ती फाईल पुन्हा पाहिली. तिन्ही मेमोंवर सही साहेबांची आहे. पण पुसट झेरॉक्स, गंजलेली टाचणी, खोडलेली तारीख... हे शोधून लिहिणारं अक्षर माझं.

रोज एक चाळीसला माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर बोटं वाजतात. काचेपलीकडे कुणी नसतं. कट्टा ओला असतो.

एक... दोन... तीन...

तिथेच थांबतं. अजून तरी.

आज घरी आहे. सुट्टी आहे. एक चाळीस होत आलेत. हे सगळं मी डाव्या हाताने टाइप केलंय. उजवा मांडीखाली दाबून धरलाय.

टेबल ओलं